रावळगावचे शेठ आणि मोटारींचा आकडा

मालेगावहून आत वळले की रावळगाव लागते. नाशिक जिल्ह्यातल्या तीन पिढ्यांना हे गाव गोळ्यांमुळे ठाऊक आहे. शाळेजवळच्या वाण्याच्या दुकानात काचेच्या बरणीत या गोळ्या असत आणि लग्नाच्या पंगतीतून उठल्यावर हातावर पान पसंद पडे. गोळ्यांचे हे नाव २०२४ मध्ये रिलायन्सच्या कंपनीकडे गेले, तेव्हा अनेकांना आपले बालपणच विकले गेल्यासारखे वाटले. ज्या गृहस्थाने १९२३ च्या सुमारास या गावच्या माळरानावर जमीन घेऊन शेती आणि पुढे साखर कारखाना उभा केला, ते शेठ वालचंद हिराचंद. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने हिंदी माणसाने हिंदुस्थानात करावीत, या एका ध्यासापायी सरकारशी जन्मभर झगडलेला हा माणूस.

आज त्यांची आठवण निघाली ती जरा उलट्या कारणाने. मोटारी कशा वाढतील याची विवंचना वालचंदांना होती. आजच्या सरकारांना विवंचना आहे ती मोटारी कमी कशा होतील याची. स्कॉटलंडच्या सरकारने २०२० मध्ये जाहीर केले होते, की २०३० पर्यंत मोटारींनी तोडलेले एकूण अंतर आपण वीस टक्क्यांनी घटवू. पाच वर्षे झाली, अंतर काही घटेना, आणि २०२५ मध्ये ते लक्ष्य सोडून द्यावे लागले. आपल्याकडे त्याच वर्षी राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी सांगितले, की गाडी उभी करायला जागा असल्याचा दाखला दाखवल्याखेरीज नव्या मोटारीची नोंदणी होऊ देणार नाही. द्वारका चौकात सिग्नलची वाट पाहणाऱ्या नाशिककराला असे काही ऐकले की बरे वाटते आणि हसूही येते. हे आकडे, हे फतवे खरोखर काही करतात का? करत असतील तर केव्हा? या प्रश्नाचे उत्तर शोधायला परदेशी अहवाल जरूर वाचावेत. पण सरकार, वाहन आणि आकडा या तिघांचे नाते वालचंदांच्या आयुष्यात जितके उघडे पडले आहे, तितके ते मला दुसरीकडे फारसे दिसलेले नाही.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरचा. घराणे मूळ गुजरातेतले, जैन, धंदा सावकारीचा आणि कापसाचा. आई लहानपणीच गेली. मुंबई-पुण्याला कॉलेजात गेले, पण पदवी काही हाती आली नाही आणि घरच्या पेढीवर मनही रमेना. अशा वेळी त्यांना लक्ष्मणराव फाटक भेटले. फाटक रेल्वेतले जुने कारकून, ठेकेदारीची खाचखोच जाणणारे. शेठ घराण्यातला मुलगा आणि ब्राह्मण कारकून अशी ही जोडी १९०३ च्या आसपास जमली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून त्यांची ठेकेदारी सुरू झाली. पुढे हा व्याप इतका वाढला, की बोरघाटातले रेल्वेचे बोगदे वालचंदांच्या कंपनीने खोदले. पुण्याला जाताना आगगाडी अंधारात शिरते तेव्हा खिडकीशी बसलेल्या मुलांना ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

पण नुसत्या ठेकेदारीवर समाधान मानणारा हा जीव नव्हता. १९१९ मध्ये त्यांना रेल्वेच्या प्रवासात कळले, की ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विकायचे आहे. महायुद्धात ते इस्पितळाचे जहाज म्हणून वापरले गेले होते. नरोत्तम मोरारजी आदी मंडळींना गोळा करून वालचंदांनी ते घेतले, सिंधिया कंपनी काढली, आणि ५ एप्रिल १९१९ ला ते जहाज मुंबईहून लंडनला निघाले. वालचंद स्वतः त्या सफरीवर होते. तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

यानंतरची हकीकत मात्र सागरी दिनाच्या भाषणांत सहसा येत नाही. किनाऱ्यावरच्या वाहतुकीवर इंग्रजी कंपन्यांची मक्तेदारी होती. त्यांनी भाडे पाडून सिंधियाला जेरीस आणले, आणि अखेर १९२३ मध्ये सिंधियाला एका करारावर सही करावी लागली. दहा वर्षांच्या त्या कराराने हिंदी कंपनीने किती टनांची जहाजे बाळगायची आणि कुठपर्यंत जायचे हे ठरवून टाकले. किनारा तुमचा, पण मोजून मापून; परदेशचा समुद्र आमचा. वालचंदांना हा करार आयुष्यभर डाचत राहिला. आपल्या आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातली ध्यानात ठेवण्याची गोष्ट एवढीच, की वाहनांवर घातलेली ही मर्यादा पाळली गेली. का पाळली गेली? कारण ती घालणाऱ्याच्या हाती माल होता, बंदर होते आणि भाडे पाडण्याची ताकद होती. तो प्रत्येक टन मोजत होता, आणि मर्यादा मोडली तर काय होईल हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

रावळगावच्या बाबतीत घडले ते याच्या नेमके उलट. तिथली जमीन खडकाळ आणि कोरडी. वालचंदांनी तिथे शेती उभी केली, पण साखर काढणे परवडेना, कारण जावाची साखर स्वस्त पडे. मग १९३२ मध्ये सरकारने कायदा करून परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली. कारखाने इतके निघावेत, असा कुठला आकडा त्यात जाहीर झालेला नव्हता. नुसता भाव बदलला. तेवढ्यावर देशात तीस-बत्तीस असलेले साखर कारखाने चार-पाच वर्षांत शंभराच्या पुढे गेले. १९३३ मध्ये रावळगावचा कारखाना सुरू झाला आणि इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंदनगर उभे राहू लागले. आम्ही बँकेत असताना लक्ष्य हा शब्द उठता-बसता ऐकत असू. ३१ मार्चला ठेवींचा आकडा गाठला जाई आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यातली बरीच रक्कम निघून जाई, हे बँकेत नोकरी केलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. व्याजाचा दर मात्र अर्ध्या टक्क्याने हलला, की कुणी काही न सांगता लोक आपला पैसा इकडून तिकडे नेत. रावळगावची भट्टी पेटली ती अशा हललेल्या भावावर.

आता मोटारीकडे वळू.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हिंदुस्थानात मोटारी दिसू लागल्या होत्या, पण त्या परक्या. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडण्याचा कारखाना काढला होता. मोटार संपूर्णपणे इथेच बनावी अशी योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी तयार केली होती. म्हैसूरचे हे थोर अभियंते आणि सोलापूरचे हे शेठ या कामी एकत्र आले. मुंबई प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते. त्या सरकारने योजनेला हातभार लावण्याची तयारी दाखवली. १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली, कारण हिंदुस्थानचे हक्क फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होते. शेवटी क्रायस्लरशी जमले.

इतक्यात युद्ध पेटले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पाठीशी उभे असलेले सरकारच गेले. म्हैसूर दरबार पुढे सरसावला, तर दिल्लीने त्यालाही आवरले. मोटारीचा कारखाना युद्धाच्या उपयोगाचा नाही, त्यासाठी परकीय चलन देता येणार नाही, संरक्षणाची हमीही देता येणार नाही, असा दिल्लीचा पवित्रा होता. ज्या युद्धात सैन्य मोटारींवरून धावत होते त्या युद्धात मोटारीचा कारखाना निरुपयोगी ठरावा, हे तर्कशास्त्र दिल्लीच्या सचिवालयालाच जमो.

याच सुमारास या देशात मोटारींचा वापर कमी करण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयोग झाला, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. १९४१ पासून पेट्रोलवर शिधावाटप आले. कुपनांवर मोजके पेट्रोल मिळू लागले. मोटारी घरी उभ्या राहिल्या आणि ज्या बसगाड्यांना धावणे भाग होते त्यांच्या पाठीला कोळशाच्या वायूच्या भट्ट्या लागल्या. त्या काळातली म्हातारी माणसे या भट्टीच्या गाड्यांच्या गमती रंगवून सांगत. चढ आला की प्रवाशांनी उतरायचे आणि क्लीनरने भट्टी ढवळायची! शिधावाटप यशस्वी झाले, यात शंका नाही. पण ते युद्धाच्या धाकाने आणि पंपावर कुपन तपासणाऱ्या माणसाच्या जोरावर. युद्ध संपून कुपने गेली तशी ती सवयही गेली.

वालचंदांचे म्हणाल तर, एक दार बंद झाले की शेजारच्या दारावर धडका देणे हा त्यांचा स्वभाव. अमेरिकेच्या त्याच धावपळीत विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली नावाच्या विमानधंद्यातल्या अमेरिकन गृहस्थाशी गाठ पडली. मोटार नाही तर विमान! डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघालीसुद्धा. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन ती आपल्याकडे घेतली. पुढे १९६४ मध्ये ही कंपनी आणि मिग विमानांसाठी काढलेली सरकारी कंपनी यांचे एकत्रीकरण होऊन एचएएल तयार झाली. आपल्या ओझरचा कारखाना त्या मिगच्या बाजूचा. तेव्हा ओझर वालचंदांनी काढले असे कुणी म्हणू नये, पण ओझरच्या फाटकावर जी तीन अक्षरे आहेत त्यांची मुळे त्यांच्या बंगळूरच्या कंपनीत आहेत. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला जून १९४१ मध्ये राजेंद्रबाबूंनी बसवली, त्याची कथाही अशीच अडथळ्यांची आहे. ती इथे लांबवीत नाही.

मोटारीचा हट्ट मात्र सुटला नव्हता. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी मुंबईत नोंदली गेली आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि प्लिमथच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला भाग अमेरिकेतून येत आणि इथे जोडले जात. तोवर बिर्लांची हिंदुस्थान मोटर्सही निघाली होती.

त्याच वर्षीची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. सरकारने नेमलेल्या जहाज धोरण समितीने १९४७ मध्ये दोन प्रकारची उद्दिष्टे सांगितली. एक, हिंदी जहाजांची क्षमता पाच ते सात वर्षांत वीस लाख टनांवर न्यायची. दुसरे, किनाऱ्यावरची सगळी वाहतूक हिंदी जहाजांकडे आणायची. किनारपट्टीचे उद्दिष्ट १९५० च्या सुमारास साध्य झाले, कारण ते परवान्याने करण्यासारखे होते. बंदरात परक्या जहाजाला किनाऱ्याचा माल द्यायचाच नाही, की झाले. वीस लाख टनांचे काय झाले? सात वर्षांनी गाडी निम्म्यापर्यंतही पोहोचली नव्हती. तो आकडा गाठायला साठचे दशक सरत आले. एकच समिती, एकच अहवाल, तेच सरकार. एका उद्दिष्टाच्या तोंडाशी दरवान होता, दुसऱ्याच्या तोंडाशी नुसता आकडा.

मार्च १९४८ मध्ये विशाखापट्टणमला ‘जल उषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. वालचंदांच्या आयुष्यातला तो बहुधा सर्वांत भरलेला दिवस असावा. त्यानंतर वर्षभरातच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कारभारातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. पत्नी कस्तुरबाई अखेरपर्यंत त्यांच्या शुश्रूषेत होत्या. मूलबाळ नव्हते, भावांनी आणि त्यांच्या मुलांनी कारभार पुढे चालवला.

चरित्र इथे संपते, पण त्यांच्या मोटारीची गोष्ट इथेच खरी सुरू होते.

स्वतंत्र भारताच्या सरकारने ठरवले, की मोटार ही चैन आहे. पोलाद, परकीय चलन आणि पेट्रोल हे सगळे तुटपुंजे असताना ते चैनीवर घालवायचे नाही. विचार वाईट नव्हता. १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशींनंतर फक्त इथे मोटार बनवण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्या राहिल्या. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपले जोडणी कारखाने बंद केले. प्रीमियरने इटलीच्या फियाटशी करार करून अकराशे घेतली. कुणी किती मोटारी काढायच्या, हे परवान्याने ठरू लागले. १९५९ मध्ये मोटारींच्या विक्रीवर आणि वाटपावर नियंत्रणाचा हुकूम निघाला. किंमतही सरकार ठरवी. त्या किमतीवरून प्रीमियर आणि केंद्र सरकार यांची लढाई सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिचा निकाल १९७१ मध्ये लागला. लहान, स्वस्त मोटार काढावी की नाही यावर १९५९ मध्ये झा समिती बसली, मग पांडे समिती बसली. समित्या बसल्या आणि उठल्या, मोटार काही आली नाही.

म्हणजे, मोटारींची संख्या रोखून धरायची हे काम आपल्या सरकारने जवळजवळ चाळीस वर्षे केले आणि आकड्यांनी पाहिले तर यशस्वीपणे केले! सत्तरच्या दशकात देशभरातून वर्षाला पन्नास हजार मोटारीही बाहेर पडत नव्हत्या. स्कॉटलंडच्या मंत्र्यांनी हेवा करावा अशी ही कामगिरी.

पण ती कशी दिसत होती हे साठीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. फियाटसाठी नाव नोंदवायचे, अनामत भरायची आणि मग वर्षे मोजायची. डॉक्टरांना, अधिकाऱ्यांना, लोकप्रतिनिधींना सरकारी कोट्यातून गाडी लवकर मिळे. गाडी हाती आल्याबरोबर ती विकली तर वर घसघशीत रक्कम सुटे, म्हणून काही काळ विकायला बंदी होती. ती बंदी चुकवण्याच्या युक्त्याही होत्या. मुलाच्या जन्माला बजाज स्कूटरचे नाव नोंदवावे आणि त्याच्या मुंजीला ती मिळावी, असा विनोद घरोघर चाले. थोडक्यात, सरकारने मोटारी कमी केल्या, पण मोटारीची भूक कमी केली नाही. उलट, जे दुर्मीळ असते त्याला मान येतो. वाड्यापुढे उभी असलेली एक फियाट सगळ्या आळीला आपल्या नसलेल्या गाडीची आठवण करून देई.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुतीची पहिली गाडी आली आणि १९९३ मध्ये मोटार उद्योगावरचा परवाना उठला. मग जे झाले ते बँकेच्या कर्ज विभागात बसलेल्या आमच्यासारख्यांनी डोळ्यांसमोर पाहिले. ऐंशीच्या दशकात मोटारीसाठी कर्ज मागणारा माणूस महिन्यातून एखादा येई आणि त्याच्याकडे सगळी शाखा कुतूहलाने पाही. पंधरा वर्षांत असे दिवस आले, की विक्रेत्यांच्या दालनातच बँकेची टेबले लागली आणि माणूस कोण, पगार किती, हप्ता किती एवढे विचारून संध्याकाळपर्यंत मंजुरी मिळू लागली. २०२३-२४ या वर्षात देशात ४२ लाखांवर प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. चाळीस वर्षे अडवलेले पाणी बांध फुटल्यावर जसे सुटते, तसे.

तरीही त्या चाळीस वर्षांकडे नुसते कुचेष्टेने पाहणे मला पटत नाही. त्या काळात मोटार नसल्यामुळे नाशिकचा माणूस घरी बसून नव्हता. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली आणि पुढच्या तीस वर्षांत ती बहुतेक गावांच्या पारापर्यंत पोहोचली. सिन्नर, निफाड, दिंडोरीच्या शेतकऱ्याची मुले तिच्यातून कॉलेजला आली. शहरात सायकल होती. मोटारींवरचा आकडा चाळीस वर्षे टिकला तो परवान्यामुळे, हे खरेच. पण लोकांनी तो फारशी बंडाळी न करता सोसला, कारण जायला दुसरे काहीतरी होते, आणि श्रीमंत शेजारी सोडला तर बाकी सगळे त्याच एसटीत होते.

सिंगापूरने १९९० मध्ये जे केले त्यात या दोन्ही गोष्टी आहेत. तिथे मोटार घ्यायची तर आधी दहा वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. परवाने मोजके, २०१८ पासून तर मोटारींच्या वाढीचा दर शून्यावर ठेवला आहे. २०२३ मध्ये एका परवान्याची किंमत एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेली. आकडा तिथे पाळला जातो, कारण दारात दरवान आहे आणि दाराबाहेर दर काही मिनिटांनी मेट्रो आणि बस आहे. रांग तिथेही आहेच, फक्त ती वर्षांची नसून पैशांची आहे. फियाटच्या काळी ओळख असलेल्याला गाडी मिळे, सिंगापुरात पैसे असलेल्याला मिळते. यातले बरे कोणते, हे ज्याने त्याने ठरवावे. स्कॉटलंडने आकडा जाहीर केला आणि मोटारीवर चालेल अशी कात्री हाती घेतलीच नाही. मोटारवाल्यांची मते जातील ही भीती कुठल्याही देशात सारखीच असते.

नाशिकने हे सगळे स्वतःही करून पाहिले आहे, आणि तेही दर बारा वर्षांनी. सिंहस्थात बाहेरची वाहने शहराच्या वेशीवरच्या वाहनतळांवर थांबतात आणि तिथून एसटीने माणसे गोदाकाठाकडे येतात. २०१५ च्या सिंहस्थात २९ ऑगस्टच्या पहिल्या शाही स्नानाला पोलिसांनी इतके अडथळे उभे केले, की भाविकांना मैलोगणती पायपीट करावी लागली आणि रामकुंडाकडे अपेक्षेपेक्षा कमी गर्दी झाली. टीका झाली, आणि १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या स्नानाला बंदोबस्त सैल केला गेला, तेव्हा लोक लोटले. दरवान कितीही कडक ठेवला आणि पुढची बस दूर ठेवली, तर माणूस मोटार सोडून बसमध्ये बसत नाही. तो येतच नाही, किंवा दुसरी वाट शोधतो. पंधरा दिवसांत हाच कारभार करणाऱ्यांनी हे ओळखले आणि दुरुस्त केले, याचे मला कौतुक वाटते.

बाकीच्या अकरा वर्षांत मात्र चित्र निराळे. शहर बससेवा आधी एसटी चालवीत असे. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक सुरू झाली. गाड्या नव्या, स्वच्छ, पण ठेकेदाराकडून पगार थकला म्हणून वाहकांनी एकापेक्षा अधिक वेळा काम बंद ठेवले आणि सकाळी थांब्यावर उभे असलेले विद्यार्थी आणि कामावर जाणाऱ्या बाया तशाच ताटकळल्या. ज्या घरात अशी सकाळ दोनदा येते, त्या घरात तिसऱ्या वेळी दुचाकीच्या हप्त्याचा विचार होतो. नाशिकसाठी मेट्रो निओ म्हणून २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. ती गाडी नाशिककराला अजून रस्त्यावर दिसलेली नाही. जून २०२५ मध्ये मात्र समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नाशिकहून मोटारीने मुंबई गाठणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. शिवाय सातपूरला महिंद्रचा मोटार कारखाना आहे, त्यावर आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो लहान कारखान्यांवर या शहरातली कितीतरी घरे चालतात. मोटारी कमी करा म्हणणाऱ्या सरकारला या घरांशीही बोलावे लागेल.

जागेच्या दाखल्याच्या घोषणेकडे मी याच नजरेने पाहतो. तिच्यात दरवान आहे, ही जमेची बाजू, कारण नोंदणीची खिडकी सरकारच्या हातात आहे. पण कॉलेज रोडच्या बंगल्यात राहणाऱ्याला हा दाखला सहज मिळेल आणि सिडकोच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याला मिळणार नाही. त्याच्या घरी म्हातारी आई असेल, पावसाळ्यात तिला रुग्णालयात न्यायचे असेल, तर त्याला आपण काय देणार? खोटा दाखला काढून देणारा माणूस त्याला कुठेतरी भेटेलच. फियाटच्या कोट्याच्या काळातही असे लोक भेटत. महापालिकेने त्या दाखल्याच्या आधी सिडकोतून निघणाऱ्या बसची वेळ पाळून दाखवावी. तिकिटाचा पैसा, वाहकाचा पगार आणि रस्त्यावर फुकट उभ्या राहणाऱ्या मोटारींकडून घ्यायचे भाडे, या तिन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडता येतो. बँकेतला कारकूनही तो मांडून देईल.

२०२७ च्या सिंहस्थासाठी वेशीवरच्या वाहनतळांचे आराखडे निघाले आहेत. तिथून शहरात येणाऱ्या बसगाड्या स्नानाच्या दिवसांनंतरही तशाच धावत ठेवायच्या की परत पाठवायच्या, हे त्या आराखड्यात आधीच लिहिता येईल. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या त्या गाडीचे म्हणाल, तर तिचे नाव १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाले आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती दीर्घकाळ धावली. वीस वर्षांची वयोमर्यादा भरली म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निघाली. तो नियम सरकारचाच होता, आणि तो ठरल्या दिवशी पाळला गेला.